ज्या हाताला कुणी विचारले नाही

मित्रांनो, तळहाताखाली झाकून जाईल एवढी, पाच गोळ्यांची, मी एक जुनी बंदूक आहे. दुकानदार मला रिव्हॉल्व्हर म्हणतात. बंदूक म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींचे डोळे चमकतील आणि काहींच्या आया पुस्तक मिटून ठेवतील. दोघांनीही जरा थांबावे. मी आजवर कोणाचाही जीव घेतलेला नाही. माझी गोष्ट एका निवडीची आहे, आणि ती निवड कशी चुकली याची.

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझे अंग पोलादाचे न करता हलक्या धातूचे केले. नळी आखूड ठेवली. मूठ तर एवढी लहान की करंगळीला टेकायला जागाच नाही. हे सगळे मुद्दाम केलेले होते. ज्यांच्यासाठी मला घडवले ती माणसे नेमबाजीत मुरलेली होती. त्यांच्या कमरेला मोठे हत्यार असायचे, आणि अडीअडचणीला असावे म्हणून एखादे छोटे ते कोटाच्या खिशात ठेवायचे. तपासणीच्या टेबलावर जाड चष्म्याच्या एका बाईने गोळ्या बसतात ते माझे चक्र कानाजवळ नेऊन फिरवले, आवाज ऐकला आणि मान डोलावली. मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

बंदुकीची एक साधी गोष्ट तुम्हाला सांगते. गोळी पुढे सुटते तेव्हा बंदूक मागे उसळते. बंदूक जड असेल तर तो धक्का ती बराचसा आपल्या अंगावर घेते. हलकी असेल तर हाताला देते. म्हणजे मी जितकी लहान आणि हलकी, तितकी चालवायला अवघड. कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होते. पण मी दुकानात पोचेपर्यंत ही माहिती वाटेत कुठेतरी सांडली.

ते दुकान पश्चिमेकडे, मोंटाना राज्यातल्या एका खोऱ्यात होते. मासेमारीचे गळ, चामड्याचे बूट, घोड्यांची खोगिरे आणि शेवटी काचेच्या कपाटात बंदुका. मालकाचे नाव व्हर्न. व्हर्न मनाने चांगला आणि बोलायला आणखी चांगला. त्याने मला आणि माझ्यासारख्या आणखी काही छोट्या बंदुकांना एका वेगळ्या कप्प्यात मांडले होते. कप्प्यावर एक पुठ्ठ्याची पाटी होती. ‘खास महिलांसाठी’ असे लिहून चहूकडे रंगीत फुले काढलेली. येणारे-जाणारे मला हातात घेत, झेलल्यासारखे करत आणि म्हणत, काय गोड आहे. बंदुकीला गोड म्हणतात हे मला तेव्हा नवीन होते. पण कौतुक कोणाला नको असते?

तिथल्या माणसांची एक रीत होती. बायकोसाठी बंदूक नवऱ्याने आणायची, मुलीसाठी बापाने. बाईचा हात लहान, तेव्हा बंदूकही लहान. एवढाच हिशेब. ज्या बाईसाठी ती आणायची ती बहुतेक वेळा घरी स्वयंपाक करत असायची किंवा कामावर गेलेली असायची.

ऑर्लिन असाच एकटा आला. उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. त्याची बायको मार्लिस पाटकरी होती. डोंगरातल्या ओढ्याचे पाणी पाटाने खोऱ्यातल्या शेतांना द्यायचे, ज्याची पाळी असेल त्याचा दरवाजा उघडायचा, दुसऱ्याचा बंद करायचा, वाटेत कोणी पाणी चोरत असेल तर त्याच्याशी भांडायचे, हे तिचे काम. तिचे वडील हेच करत. त्यांच्यामागे मार्लिसने पाट घेतला आणि रोज सकाळी त्याच्या काठाने चालता चालता तिचे केस पांढरे झाले. पाटाचे वरचे टोक मात्र आडरानात होते. त्या वसंतात तिथे एका प्यूमाने, म्हणजे बिबट्याएवढ्या रानमांजराने, तिची कुत्री, टिली, तिच्यापासून दगड फेकण्याच्या अंतरावर उचलून नेली. तेव्हापासून मार्लिस वर जायला बिचकायची. पाणीवाटप संघाचे लोक समजूतदारपणे म्हणू लागले की वरचा पाट जमत नसेल तर आपण एखादा दणकट माणूस नेमू. त्या समजूतदारपणाने तिला जीव नकोसा झाला होता.

ऑर्लिनने व्हर्नला सांगितले, काहीतरी लहानसे दे, तिचे हात लहान आहेत. व्हर्नने मला काढले. ऑर्लिनने तळहातावर तोलून पाहिले, मग व्हर्नने तोलून पाहिले. दोघांनी माना हलवल्या. त्या काउंटरवर चार हात होते आणि मला ज्या दोन हातांनी वागवायचे त्यांपैकी एकही त्यात नव्हता.

वाढदिवसाला ऑर्लिनने मला निळ्या कागदात गुंडाळून, रिबीन बांधून टेबलावर ठेवले. शेजारी ‘पाय’, म्हणजे रुबार्बचे आंबट देठ भरून भाजलेला गोड पदार्थ होता, त्यावर मेणबत्ती. मार्लिसने कागद न फाडता हलक्या हाताने सोडवला. मला उचलले, फिरवून पाहिले. मग ऑर्लिन म्हणाला, “आता मला झोप लागेल.”

मित्रांनो, त्या एका वाक्याने पुढचे सगळे ठरले. ऑर्लिन फार बोलणारा नव्हता. टिली गेल्यापासून तो रात्री उठून बसायचा हे मार्लिस पाहत होती. त्या खोऱ्यातली माणसे तशीही भेटवस्तूला नावे ठेवत नाहीत. न आवडलेला स्वेटर ती हिवाळाभर घालतील, पण बोलणार नाहीत. मार्लिस म्हणाली की छान आहे, किती हलकी आहे. आणि त्याला पायचा मोठा तुकडा वाढला.

रविवारी चर्चनंतर दोघे मला घेऊन खडीच्या खाणीत गेले. तिथले लोक नेमाचा सराव तिथेच करतात. ऑर्लिनने एका दगडावर डबा ठेवला. मार्लिसने कानात बोळे घातले, दोन्ही हातांनी मला धरले आणि चाप ओढला. मी जशी घडले होते तशीच वागले. तिच्या अंगठ्याच्या बेचक्यावर असा तडाखा बसला की तिचे डोळे मिटले. दुसऱ्या वेळी तर चाप पुरता ओढण्याआधीच डोळे मिटले आणि माझी नळी खाली झुकली. गोळी तिच्या पुढ्यातल्या वाळूत शिरली. ऑर्लिन म्हणाला, पहिल्यांदा सगळ्यांचे असेच होते. मग त्याने मला घेतले, नेम धरून डबा उडवला आणि म्हणाला की पाहा, किती नेमकी आहे. मला परत करताना त्याने तो हात घाईने खिशात घातला. मार्लिसचे लक्ष नव्हते. माझे होते.

तिने आणखी एक गोळी झाडली आणि आजच्यापुरते पुरे म्हणाली. पुन्हा ती खाणीत गेली नाही. कधी पाहुणे येणार असत, कधी तिचा खांदा अवघडलेला असे. त्या आठवड्यात भांडी घासताना ती रबरी हातमोजे घालायची. पाणी गार आहे, म्हणायची.

पण मला घेऊन मात्र ती रोज निघे. दारातून ऑर्लिन विचारी, घेतलीस ना? ती म्हणे, घेतली. त्यात काही खोटे नव्हते. घरी असताना मी कुलपाच्या पेटीत असे, आणि बाहेर निघाले की फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळून तिच्या पाठपिशवीच्या तळाशी. माझ्यावर डबा, थर्मास, हातमोजे, पावसाळी कोट. पिशवीत पाटाचे पाणी झिरपायचे, पावाचा चुरा सांडायचा. माझे तेल वाळले. चक्राच्या पोलादावर तांबूस डाग धरले. मला पुसायचे म्हणजे उलगडायचे, आणि उलगडणे तिला नको होते. तिला माझी भीती वाटत होती. जिच्या भरवशावर तिने वर जायचे तिचीच. मला तेव्हा कोणी विचारले असते तर मी म्हटले असते, बाई, मला घरी ठेव आणि हातात एखादी काठी घे. पण आमच्या जातीला बोलता येत नाही, आणि मार्लिसला येत असूनही ती बोलत नव्हती.

ऑगस्टमधली सकाळ होती. पाटाच्या वरच्या टोकाला लाकडी फळीवर लोखंडी चाक आहे. ते लांब दांड्याच्या पान्याने फिरवले की दरवाजा उघडतो. मार्लिसने पाना लावला, मान वर केली, आणि पलीकडच्या काठावर प्यूमा उभा.

पळायचे नाही, पाठ फिरवायची नाही, ताठ उभे राहायचे, हे तिथल्या शाळेतल्या मुलांनाही शिकवतात. मार्लिस ताठ उभी राहिली. एक हात तिने पाठपिशवीत घातला. थर्मास लागला, मोजे लागले, डबा लागला. फडके बोटांत आले तेव्हा ते कोटाच्या पट्ट्यात गुंतले होते. अखेर मी बाहेर आले, अर्धी गुंडाळलेली. तिने फडके झटकले आणि मला समोर धरले.

मी तिच्या हातात होते म्हणून सांगते. तिचे बोट चापाला लागायच्या आधीच तिचे डोळे मिटू लागले. मनगट आखडले. माझी नळी झुकत झुकत तिच्या स्वतःच्या बुटाकडे वळली. तिच्या हाताला खाण आठवत होती. प्यूमा त्याला दिसतच नव्हता. ती गोळी सुटली असती तर एक तर लोखंडी चाकावर आदळून कुठेही गेली असती, नाही तर तिच्या पायात शिरली असती. आणि ऑर्लिन घरी निवांत होता.

मार्लिसला ते कळले. कसे ते मला सांगता येणार नाही, पण तिने डोळे उघडले, मला अलगद फळीवर ठेवले आणि दोन्ही हातांनी पाना उचलून लोखंडी चाकावर हाणायला सुरुवात केली. एवढा खणखणाट त्या डोंगराने ऐकला नसेल. सोबत ती ओरडत होती. काय ओरडावे ते सुचेना, म्हणून खोऱ्यातल्या पाणीचोरांची नावे घेऊन, त्यांना तोंडावर कधी बोलली नव्हती ते सगळे त्या जनावराला सुनावत होती. प्यूमाने ऐकून घेतले. मग त्याला घाई नसल्यासारखा वळला आणि झुडपात गेला. पान्याच्या आवाजाने गेला की कंटाळून गेला, कोण जाणे.

मार्लिसने आधी दरवाजा उघडला, कारण खालच्या शेताची पाळी लागलेली होती. पाणी धावू लागल्यावर तिने मला पुन्हा पिशवीत ठेवले आणि घरची वाट धरली.

दुपारी स्वयंपाकघरात तिने माझ्यातल्या गोळ्या काढल्या, मला टेबलावर ठेवले आणि सकाळचे सगळे सांगितले. ऑर्लिनच्या हातातला कप तसाच राहिला.

“मला ही चालवता येत नाही, ऑर्लिन,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून येत नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू म्हणालास, आता झोप लागेल.”

ऑर्लिनने कप खाली ठेवला.

“आणि रिबीन बांधून आणली होतीस.”

तो म्हणाला, “त्या दिवशी माझाही हात दुखला होता. संध्याकाळपर्यंत मूठ वळत नव्हती.”

मार्लिसने त्याच्याकडे रोखून पाहिले. “मग तू का नाही बोललास?”

“मी आणली होती ना ती.”

मार्लिस हसू लागली. हसता हसता तिने डोळे पुसले. ऑर्लिन मात्र हसला नाही. तो म्हणाला की आता वरचा पाट सोड, संघाला सांग, दुसरा माणूस बघतील. मार्लिसचे हसू थांबले. ती म्हणाली, “मी उद्याही वर जाणार आहे. काय घेऊन जायचं ते मात्र या वेळी मी ठरवीन. तुला यायचं तर ये. बोलायचं नाही.”

व्हर्नच्या दुकानात तिने मला काउंटरवर ठेवले आणि काचेवरची पाटी वाचली.

“ही तू लिहिलीस, व्हर्न?”

“हो.”

“फुलंपण तूच काढलीस?”

“फुलं भाचीनं काढली.”

“मग भाचीला दे ही चालवायला. नंतर ती फुलं काढते का बघू.”

व्हर्नने हसून वेळ मारून नेली आणि त्याच कप्प्यातली एक गुलाबी मुठीची बंदूक पुढे केली. मार्लिसने विचारले की गुलाबी रंग पाहून प्यूमा लाजतो का. दोघे शाळेपासूनचे ओळखीचे होते, त्यामुळे व्हर्नने ती मुकाट्याने परत ठेवली. ऑर्लिन दाराजवळ खिशात हात घालून उभा होता. दोनदा त्याने तोंड उघडले आणि दोनदा मिटले.

मग मार्लिसने निवड केली. ती कशी केली हे मी काउंटरवरून पाहिले. हौसेने मिरवण्यासारखे त्यात काही नव्हते. रिकामी आहे याची खात्री करून ती एकेक बंदूक हातात घ्यायची आणि डोळे मिटून मूठ वळायची. चारही बोटे बसतात का? चाप ओढताना नळी डुगडुगते का? एकीचा वरचा भाग मागे ओढावा लागे. तिने खिशातले कामाचे हातमोजे काढले, पाण्यात बुडवून आणले, घातले आणि ओढून पाहिले. मोजे सटकले. ती बंदूक तिने बाजूला ठेवली. व्हर्नला हे नवीन होते. तो म्हणाला की असे तर कोणी करत नाही. तिने सांगितले की तिचे मोजे कोरडे असतात त्या दिवशी ती पाटावर नसते.

शेवटी तिने एक पोलादी रिव्हॉल्व्हर निवडले. माझ्याहून बोटभर लांब, वजनाला जवळजवळ दुप्पट, मुठीला जाड रबर. व्हर्न म्हणाला, “ही जड आहे गं. दिवसभर ओझं होईल.”

“मी दिवसभर लोखंडी पाना वागवते, व्हर्न. कोणी हलका करून दिला नाही तो.”

दुकानामागे मातीचा उंच बांध घालून सरावाची जागा केलेली होती. तिने तिथे पहिली गोळी झाडली तेव्हा सगळे तिच्या डोळ्यांकडे पाहत होते. ते उघडे राहिले. कागदावर कडेला का होईना, भोक पडले. तिने हात झटकला नाही. पुन्हा झाडली, पुन्हा झाडली, आणि भोके मधोमध सरकू लागली. मग ती पाठपिशवीत ठेवावी लागू नये म्हणून तिने छातीवर बांधायचा चामडी पट्टा घेतला, आणि वर कोट घालून त्यातून बंदूक झटकन निघते का ते पाहिले. अस्वलांना पळवायला असतो तो झोंबऱ्या फवाऱ्याचा डबाही घेतला आणि म्हणाली की आधी हा, मग ती. ऑर्लिनने तेवढ्यावर फक्त मान हलवली. त्या दिवसात त्याने दिलेले ते एकमेव मत.

मला वाईट वाटले का, असे तुम्ही विचाराल. वाटले. आपल्यासमोर आपल्याऐवजी दुसऱ्याला निवडताना पाहणे सोपे नसते. पण ती निवड बरोबर होती, आणि ते मला त्या दुकानात सगळ्यांत जास्त कळत होते.

व्हर्नने मला ठेवून घेतले. डाग घासले, जुने तेल पुसून नवे लावले. मग तो पाटीसमोर जरा वेळ उभा राहिला आणि ती काढून त्याने स्टोव्हमध्ये घातली. मला मात्र त्याने पुन्हा काचेत मांडले नाही. मागच्या सरावाच्या जागेशेजारी कुलूपबंद कपाट आहे, तिथे मला जागा दिली. आता मी विकायला नाही.

मार्लिस अजून पाट सांभाळते. शनिवारी दुपारी ती व्हर्नकडे येते. ज्या बाईला बंदूक घ्यायची तिने स्वतः यायचे, असा आता त्या दुकानाचा नियम आहे. आधी मार्लिस तिला मला देते. ती बाई एक गोळी झाडते आणि हलके म्हणजे काय ते तिच्या हाताला कळते. मग मला खाली ठेवून ती दुसरे काहीतरी निवडते. कधी मोठी बंदूक, कधी नुसता फवारा, कधी काहीच नाही. घोड्यांना नाल मारणारी एक बाई मात्र माझ्यावर खूश झाली. पाचही गोळ्या तिने कागदाच्या मधोमध घातल्या आणि हीच हवी म्हणून अडून बसली. व्हर्नने नाही म्हटल्यावर तिने त्याला जे ऐकवले ते मुलांच्या पुस्तकात लिहिता येणार नाही.

तर मित्रांनो, माझे आता काम आहे नाकारले जाण्याचे. ते मी मन लावून करते.

मागच्या शनिवारी एक तरुण बाई आली. दूरच्या रानात एकटीने झाडांची मोजणी करण्याची नोकरी तिला लागली होती. तिने माझ्यातून एक गोळी झाडली, हात आखडला, आणि मार्लिसने कसे वाटले म्हणून विचारल्यावर उत्तर देण्याआधी तिने दुकानाच्या मागच्या खिडकीच्या काचेपलीकडे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिले. तो अंगठा वर करून हसत होता. मार्लिसने तिला खांद्याला धरून हळूच वळवले, काचेकडे पाठ केली.

“त्याच्याकडे नको बघू,” ती म्हणाली. “हाताकडे बघ. मग सांग.”

ती बाई आपल्या हाताकडे पाहू लागली. अंगठ्याजवळ लाल झाले होते.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी वस्तू तुम्हाला कधी कुठे पडलेली दिसली तर हात लावू नका, तिथून दूर व्हा आणि मोठ्या माणसाला बोलवा. ती रिकामी आहे असे कोणी सांगितले तरी हेच करा. आणि कुणासाठी काही निवडाल, मग ते दप्तर असो, सायकल असो की धाकट्या बहिणीचे बूट, तेव्हा ज्याला ते वापरायचे आहे त्याला आधी विचारा. नुसते विचारून भागत नाही. तो नाही म्हणाला तरी तुमचा चेहरा पडणार नाही, एवढे त्याला दिसू द्या. मार्लिसला ते दिसले असते, तर त्या सकाळी माझी नळी तिच्याच बुटाकडे वळली नसती.